‘आईची शपथ, कुणाला सांगू नको’

प्रश्न :
सातारा शहरात राहणाऱ्या, एका पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या ३२ वर्षांच्या ताईंचं पत्र आहे. माहेर माण तालुक्यात. धाकटा भाऊ २७ वर्षांचा. सहा वर्षं पुण्यात राहून त्यानं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला, पुढं काही झालं नाही. दिवाळीला सगळं सामान घेऊन गावी आला तो परत गेलाच नाही. पुस्तकं गावातल्या मुलांना वाटून टाकली. रात्र रात्र जागा असतो, ताटावर बसला तर अर्धी भाकरी खाऊन उठतो. भाऊबीजेच्या रात्री गच्चीवर तो ताईंना म्हणाला, “माझ्यामुळं सगळ्यांचं नुसतं नुकसान झालंय. मी नसतो तर बरं झालं असतं. कधी कधी संपवावंसं वाटतं.” आणि लगेच हात धरून, “आईची शपथ, कुणाला सांगू नको.” या गोष्टीला महिना झाला. वडील म्हणतात, रानात कामाला लागला की होईल सरळ. आई म्हणते, बाहेरचं काहीतरी लागलंय, देवऋषाकडं नेऊ. ताईंनी हेल्पलाइनचा नंबर शोधला, दोनदा फोन लावला. पहिल्यांदा रिंग वाजताच कापला. दुसऱ्यांदा समोरून “नमस्कार, बोला” असा आवाज आला आणि तोंडातून शब्दच फुटला नाही. त्या विचारतात : शपथ मोडू का? फोन केला तर घरी पोलीस येतील का? गावात कळलं तर त्याचं लग्न, त्याची नोकरी यांचं काय? आणि आजारी मी नाही, मग मी फोन कसा करू?
(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

उत्तर :

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचलं आणि बाकीची पत्रं बाजूला ठेवली. हे छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नाही, म्हणून यातलं मुख्य वाक्य तुला त्याच दिवशी कळवलं होतं. इथं पुन्हा लिहिते : १४४१६ या नंबरला फोन कर, आणि त्यासाठी भावाच्या परवानगीची वाट बघू नको.

हे वाचत असताना तो घरातून न सांगता गेला असेल, निरोप घेतल्यासारखं बोलला असेल, किंवा त्यानं काही केल्याची शंका असेल, तर सल्ला वाचत बसायचं नाही. ११२ किंवा १०८ लाव. १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते. ती यायला वेळ लागणार असं दिसलं तर गावात ज्याची गाडी असेल त्याला उठव आणि जवळच्या सरकारी किंवा खासगी दवाखान्यात ने. अशा रुग्णाला आधी उपचार द्यायचे, कागदपत्रं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. आणि त्याला एकटं सोडायचं नाही, एक मिनिटही.

आता शपथेकडं येते, कारण तू सगळ्यात जास्त तिथंच अडकली आहेस.

लहानपणी आपण शपथा घालायचो तेव्हाचा एक नियम तुला आठवत असेल. ज्यानं शपथ घातली त्यानंच “सुटली” म्हणायचं, मग ती सुटते. तुझ्या मनात तोच नियम अजून बसलाय. तो “सुटली” म्हणत नाही तोवर आपण बांधलेलो. पण ताई, त्या रात्री गच्चीवर त्यानं दोन गोष्टी केल्या. आधी तुला सांगितलं, आणि मग तोंड बंद ठेवायला लावलं. तू दुसरी गोष्ट लक्षात ठेवलीस आणि पहिली विसरत चाललीस. त्याला खरोखर कुणालाच कळू द्यायचं नसतं, तर भाऊबीजेच्या दिवशी बहिणीजवळ त्यानं हे काढलंच नसतं. शपथ त्याच्या लाजेनं घातली. ते आधीचं वाक्य मात्र त्याच्या जगण्याच्या इच्छेनं उच्चारलं होतं. या दोघांपैकी कुणाचं ऐकायचं, एवढाच प्रश्न आहे.

मी हे पुस्तकातलं सांगत नाही. हॉस्टेलवर असताना एका मैत्रिणीनं मला असंच काहीतरी सांगून अशीच शपथ घातली होती. मी ती पाळली. मला वाटलं, विश्वास म्हणतात तो हाच. ती वाचली, पण माझ्यामुळं नाही. मेसच्या मावशींना ती दोन वेळा जेवायला आली नाही हे खटकलं आणि त्यांनी दार ठोठावलं, म्हणून वाचली. पुढं बऱ्याच वर्षांनी ती मला म्हणाली, “मला वाटलं होतं, तू तरी कुणाला सांगशील.” तिनं तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं, सहज म्हटलं होतं. मला ते वाक्य अजून झोपू देत नाही.

तर शपथ मोड. पण चोरून नको. त्याला सांगून मोड : “तू मला शपथ घातलीस, महिनाभर मी ती पाळली. आता मला एकटीला हे पेलत नाही. मी मदत मागणार आहे. गावभर करणार नाही, पण गप्पही बसणार नाही. तुला माझा राग आला तरी चालेल.” तो चिडेल, कदाचित चार दिवस बोलणार नाही. चिडलेल्या भावाची समजूत काढता येते. आणि शपथ आईची असली, तरी आईला विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता फोनचं. “आजारी मी नाही, मग मी फोन कसा करू,” असं तू विचारलंस. असं बऱ्याच जणांना वाटतं, की हेल्पलाइन म्हणजे ज्याला त्रास आहे त्यानंच करायचा फोन. तसं काही नाही. घरच्या माणसानं, मित्रानं, शिक्षकानं, कुणीही फोन करून “माझ्या माणसाला असं होतंय, मी काय करू” असं विचारता येतं. शिवाय तुलाही त्रास आहेच. महिनाभर रोज सकाळी उठल्याबरोबर घरी फोन करून “दादू उठला का” असं विचारतेस, हे तूच लिहिलंयस.

१४४१६ हा ‘टेली मानस’ या सरकारी सेवेचा नंबर. १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी ती सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, वीस भाषांत बोलता येतं आणि त्यात मराठी आहे. हाच नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लाव, तीच सेवा आहे. आधी भाषा निवडायला सांगतात, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. विषय त्यांच्या आवाक्याबाहेरचा वाटला तर मानसोपचार तज्ज्ञाकडं जोडून देतात आणि तुझ्या जिल्ह्यातल्या दवाखान्याचा रस्ताही सांगतात. कधी लाइन व्यस्त असते, कधी थांबावं लागतं. तेव्हा आपल्या नशिबातच नाही असं समजून ठेवून देऊ नको, परत लाव. एखादा समुपदेशक तुटक बोलला, तरीही परत लाव, दुसरं कुणीतरी उचलेल. एका फोनवरून सगळ्या सेवेची परीक्षा करायची नाही.

पोलिसांची भीती मला समजते. ही भीती हवेतून आलेली नाही. आपल्याकडं कितीतरी वर्षं आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, भारतीय दंड संहितेचं ३०९ कलम. दुःखानं अर्धमेलं झालेल्या माणसावर वर आणि खटला. घरचे लोक म्हणूनच लपवायचे, “चुकून झालं” असं दवाखान्यात सांगायचे. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानं हे बदललं. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते जुनं कलम घेतलेलंच नाही. आणि तुझ्या भावानं तर काही केलेलंही नाही. त्याच्या मनात विचार आहेत. विचारांवर गुन्हा कधीच नव्हता.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. कुणी प्रत्यक्ष प्रयत्न केला आणि दवाखान्यात न्यावं लागलं, तर दवाखाना ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण) म्हणून नोंद करतो, एखादा हवालदार जबाब घ्यायला येतो. ती नोंद म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे. त्या भीतीनं डॉक्टरांपासून खरं लपवलं, तर उपचार चुकतात आणि त्यात जीव जातो. तसंच हेल्पलाइनवर बोललेलं गोपनीय असतं, पण या क्षणी कुणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं तर ते पत्ता विचारतील, मदत पाठवायचा प्रयत्न करतील. तो विश्वासघात नसतो.

लग्नाचं आणि नोकरीचं म्हणशील, तर गावात कळेल ते फोनमुळं नाही. टेली मानसला केलेला फोन तुमच्या ग्रामपंचायतीत वाजत नाही. गावाला कळतं ते आपल्या रडण्यातून, देवऋषाच्या दारातल्या गर्दीतून, नाहीतर त्याहून वाईट बातमीतून.

आता सगळ्यात अवघड काम, त्याला थेट विचारणं. तुला वाटतंय की आपण तो शब्द काढला तर त्याच्या डोक्यात भरेल. हा समज फार घट्ट बसलाय आपल्याकडं. वास्तव उलटं आहे. या क्षेत्रात काम करणारे सगळे सांगतात की सरळ विचारल्यानं धोका वाढत नाही, माणसाला मोकळं वाटतं. तो विचार त्याच्या डोक्यात आहेच, फक्त तो तिथं एकटाच त्याच्याशी झुंजतोय. “वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?” असं विचारू नको. या प्रश्नात उत्तर आधीच ठरलेलं असतं, तो “नाही” म्हणेल आणि विषय मिटेल. असं विचार : “त्या रात्री तू म्हणालास तसं अजून वाटतं का? मरायचे विचार येतात का? किती वेळा येतात? कसं करायचं हेही मनात आलंय का?” ‘कसं’ आणि ‘केव्हा’ हे त्याच्या मनात ठरलेलं असेल, तर त्याच दिवशी फोन आणि दवाखाना, उद्यावर टाकायचं नाही. आणि एखाद्या दिवशी तो अचानक फार शांत, हलका वाटायला लागला, तर सुटलो म्हणून निर्धास्त होऊ नको. तेव्हाच जास्त जवळ राहा.

बसायचं कुठं, हेही बघ. समोरासमोर बसवून चौकशी केल्यासारखं नको. डोळ्याला डोळा द्यावा न लागता माणूस जास्त बोलतो. बांधावरून चालताना, गाडीवरून दहिवडीला जाता-येता, भाजी निवडताना. तो बोलला की मध्ये उपाय सुचवू नको. “अरे, तू एवढा हुशार,” नको. “आईबापाचा तरी विचार कर,” हे तर अजिबात नको. त्याच्या छातीवर तेच ओझं आहे. माण-खटावला अधिकाऱ्यांची खाण म्हणतात. ज्या तालुक्यात प्रत्येक गावच्या कमानीवर कुणा ना कुणा निवड झालेल्या मुलाचा अभिनंदनाचा फलक लागतो, तिथं सहा वर्षं घालवून मोकळ्या हातानं घरी परतणं काय असतं, हे आपण बाहेरून सांगू नये. “सहा वर्षं फार सोसलंस रे,” एवढं म्हण आणि गप्प बस. परीक्षा पुन्हा द्यायची का, शेती करायची का, हे सगळे प्रश्न आत्ता बंद ठेव. झोप परत येऊ दे, भाकरी पोटात जाऊ दे, मग ते प्रश्न आपोआप उघडतील.

पत्रात एक ओळ तू सहज लिहून गेलीस, की घरची डाळिंबाची बाग आहे. म्हणजे घरात किंवा पडवीत फवारणीची औषधं असणार. ती आजच्या आज तिथून हलव. नुसतं उंच फळीवर ठेवून उपयोग नाही. चुलत्यांच्या किंवा शेजाऱ्यांच्या खोलीत, कुलपात, आणि किल्ली त्याला माहीत नसलेल्या माणसाकडं. घरातल्या गोळ्यांचंही तसंच. “ज्याला करायचं तो काहीही करून करतो” हे वाक्य तुला दहा जण ऐकवतील. ते खोटं आहे. मरणाची ती लाट बऱ्याचदा काही मिनिटांची, काही तासांची असते, आणि त्या वेळेत हाताला काही लागलं नाही तर ती ओसरते. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. तिथल्या माणसांची दुःखं काही निम्म्यानं कमी झाली नव्हती, फक्त विष हाताशी राहिलं नाही. वडिलांना कारण सांगायचं नसेल तर “लहान पोरं खेळतात तिथं” म्हण. पण माझ्या मते त्यांना खरंच सांग.

वडिलांशी भांडू नको. ‘रानात आला की सरळ होईल’ यात त्यांची माया आहे, त्यांना तेवढंच एक औषध ठाऊक आहे. त्यांना म्हण, “आबा, पाय मोडला असता तर आधी प्लास्टर घातलं असतं ना, मग रानात नेलं असतं.” आईला देवऋषाबद्दल खोडून काढत बसू नको. तिला देवाला नवस करू दे, गोंदवल्याला जाऊन ये म्हणावं, अंगारा लावू दे. अट एकच : डॉक्टर आधी, आणि डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही. मात्र कुणी ‘बाहेरचं उतरवतो’ म्हणून त्याला बांधायला, मारायला, उपाशी ठेवायला लागला, तर तिथं गप्प राहू नको. असल्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे, आणि तो व्हावा म्हणून ज्यांनी आयुष्य घातलं ते डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचेच.

दवाखान्यासाठी पुणं गाठायची गरज नाही. साताऱ्याचं सिव्हिल, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाबद्दल तिथंच विचार. मानसोपचाराची ओपीडी कोणत्या दिवशी, किती वाजता, हे आधी १४४१६ वर किंवा सिव्हिलमध्ये विचारून घे, म्हणजे माणहून एसटीनं येऊन हेलपाटा पडणार नाही. कराडकडच्यांना कृष्णा रुग्णालय आहे. सांगलीकडून हे वाचणाऱ्यांना सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. भावाला “वेड्याच्या डॉक्टरकडं” न्यायचंय असं कुणी म्हणू देऊ नको. “झोपेसाठी डॉक्टरांना दाखवू, माझ्याकडं चार दिवस राहायला ये,” असं म्हणून आण. झोप येत नाही, हे खोटं नाहीच. पण दवाखान्याच्या दारात पोहोचल्यावर कोणते डॉक्टर आहेत ते स्पष्ट सांग. फसवून आत नेलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

“येरवड्याला टाकतील, शॉक देतील,” ही भीतीही मनात असेल, तू लिहिली नसलीस तरी. बहुतेकांना दाखल करावंच लागत नाही. इच्छेविरुद्ध दाखल करायची वेळ आली तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि भूल दिल्याशिवाय विजेचे उपचार करायला कायद्यानं बंदी आहे. गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. “काही फरक नाही” म्हणून तो दहाव्या दिवशी सोडेल, तेव्हा तू त्याच्याजवळ असायला हवीस. आणि बरं वाटायला लागलं म्हणूनही स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

हे सगळं तू एकटीनं करायचं नाही. घरातलं किंवा मित्रांतलं एक माणूस निवड. त्याच्या पुण्याच्या खोलीतला जोडीदार असेल, तुझा नवरा असेल, तोंड घट्ट असलेला एखादा मामा असेल. रात्रीची जाग दोघांत वाटून घ्या.

अशीच चिंता करणाऱ्या दुसऱ्यांसाठी थोडं. मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर १०९८ हा चोवीस तासांचा नंबर आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. मारहाणीत, छळात अडकलेल्या बाईसाठी १८१. यातलं काहीच आठवलं नाही तर ११२. हे नंबर मोबाइलमध्ये तर ठेवाच, पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागंही पेनानं लिहून ठेवा. नेमक्या वेळी मोबाइलची बॅटरी संपलेली असते, नाहीतर हात थरथरत असतात.

आणि ताई, तुझ्या त्या दुसऱ्या फोनबद्दल. समोरून “बोला” म्हणाले आणि तुला शब्द सुचले नाहीत. म्हणून खाली लिहून देते. कागदावर उतरव, फोन लाव, आणि नुसतं वाचून दाखव. रडू आलं तरी चालेल, ते थांबतात.

“नमस्कार. मी साताऱ्याहून बोलते. फोन माझ्यासाठी नाही, माझ्या २७ वर्षांच्या भावासाठी आहे. महिन्यापूर्वी तो मला म्हणाला की त्याला संपवावंसं वाटतं. तो झोपत नाही, जेवत नाही. त्यानं मला कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. मी आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतेय.”